सात फरश्यांवरचा आवाज

हेमाची हाळी मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती मला दिसतसुद्धा नव्हती. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी राहून मी कोलशेतला परत येत होते. माझं माहेर खाडीच्या पलीकडे, सासर अलीकडे. होडी मध्यावर आली आणि काठावरून हाळी आली, "वयनीऽऽ." इतकी खणखणीत की होडीवाल्या काकांनी वल्हं थांबवलं आणि म्हणाले, ही तुझी नणंद.

आमच्याकडे रीत होती. काठावरून हाळी आली की होडीतल्या माणसाने ओ द्यायची. जातानाही तसंच. काठावरचा हाळी देत राहतो, होडीतला ओ देत राहतो, ऐकू येईनासं होईपर्यंत. मला काही ओ देता आली नाही. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, तेव्हाही नाही आणि आताही नाही. मी नुसता हात वर केला. पुन्हा हाळी आली, पुन्हा मी हात वर केला. होडी काठाला लागल्यावर हेमाने माझी पिशवी घेतली आणि म्हणाली, "वयनी, हात काय दाखवतेस? मी काय बस हाय थांबवायला?"

तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची असेल. काळीसावळी, उंच, केसांना इतकं तेल की कानाच्या मागे ओघळ यायचा. चिंचेचं बोटूक मीठ लावून सदा तोंडात. आणि काहीही सांगितलं, चांगलं किंवा वाईट, की तिचं ठरलेलं उत्तर, "बरं मग?" सासूबाई म्हणत, पोरी, घर पडलं तरी तू हेच म्हणशील.

तिला कुजबुजता येत नसे. लहानपणापासून रोज काठावर उभं राहून वडिलांना जेवायला बोलवायचं काम तिचं, त्यामुळे तिच्या गळ्याला लहान आवाज ठाऊकच नव्हता. मला एखादी गुपित गोष्ट सांगायची म्हणून ती कानाशी तोंड आणायची आणि तिसऱ्या घरातली बाई विचारायची, मग पुढं काय झालं गं? एकदा तिला बघायला पाहुणे आले. मुलाच्या आजोबांनी बशीत चहा ओतून घेतला होता. त्यांनी नाव विचारलं. हेमाने नाव सांगितलं आणि आजोबांच्या धोतरावर चहा सांडला. पुढे त्यांचा निरोप आला की मुलगी चांगली आहे पण आमच्या घरात तान्ही बाळं आहेत. घरातले सगळे उदास झाले. हेमा म्हणाली, बरं मग? आणि मागच्या दारी जाऊन हसत बसली. मीही हसले. मात्र त्या दिवसापासून ती बाहेरच्या माणसांत कमी बोलू लागली, ते मी पाहिलं होतं.

माझ्या नवऱ्याला डोंबिवलीच्या एका कारखान्यात काम मिळालं आणि आम्ही ठाकुर्लीला चाळीत दोन खोल्या घेतल्या. पुढची खोली, मग उंबरा, मग स्वयंपाकघर. खाली शहाबादी फरशी. हेमा दहावी झाली होती. दोन-तीन वर्षांनी तिलाही डोंबिवलीतल्या एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लावलं आणि ती आमच्याकडे राहायला आली. पॅकिंगच्या खोलीत भुकटी उडायची. ती घरी आली की पापण्यांवर पांढरं असायचं. मी ओल्या फडक्याने पुसायचे.

त्या कंपनीत माधव माल पाठवायच्या खात्यात कारकून होता. डोंबिवलीचाच, बऱ्या घरचा, सोवळं-शुद्ध बोलणारा, जाड चष्म्याचा. तो स्वतः गाणी करायचा आणि गिटार वाजवायचा. एकदा जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसून तो आपल्याशीच एक ओळ गुणगुणत होता. पुढची ओळ त्याला सुचत नव्हती म्हणून तीच ती परत म्हणत होता. हेमा दुसऱ्या टोकाला डबा धूत होती. तिने तिकडूनच त्याची ओळ पुरी केली. सगळं कॅन्टीन वळून बघायला लागलं. तिला वाटलं आता हसतील. माधव उठून तिच्यापर्यंत आला आणि म्हणाला, ही ओळ मी घेऊ का? हे सगळं हेमाने मला घरी येऊन तीनदा सांगितलं. तिला कोणी आवाज खाली कर असं न म्हटल्याची ही पहिलीच वेळ होती.

तिसरा किशोर. तो त्याच कंपनीत प्रयोगशाळेत होता. बारीक, गप्प, बोटं सारखी हलत असलेली. त्याच्याकडे कॅसिओचा छोटा कीबोर्ड होता आणि मेहुण्याने आखातातून आणलेला टेपरेकॉर्डर होता.

दोन पुरुष आणि एक मुलगी एकत्र बसून गाणार म्हटल्यावर आमच्या ह्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. शेवटी ठरलं की काय गायचं ते आमच्या घरात, दार उघडं ठेवून आणि वहिनीसमोर. म्हणून दर रविवारी दुपारी, चाळ जेवून आडवी झाली की, ते दोघे यायचे. आमचे हे झोपायचे ते मित्राच्या खोलीवर. माझी लहान मुलगी माझ्या मांडीवर झोपायची. आणि मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसायची.

त्यांची गाणी सिनेमातली नव्हती आणि आमच्या कोळ्यांचीही नव्हती. साध्या गोष्टींवरची होती. भोंगा झाल्यावर रिकाम्या होणाऱ्या कारखान्यावर एक होतं. चाळीतल्या नळावर एक होतं. एक ओळ माधव म्हणायचा, एक हेमा, आणि मग दोघं मिळून. मला सगळ्यात आवडायचं ते खाडीचं. हेमानेच त्याला सांगितलं होतं की ओहोटी लागली की चिखलातून पलीकडे जाणारी एक पायवाट दिसते. त्याने त्याचं गाणं केलं. तो म्हणायचा,

ओहोटीला वाट दिसते

आणि ती म्हणायची,

भरतीला ती कुठे जाते

आणि मग दोघं,

तिथंच असते, तिथंच असते,
पाण्याखाली तिथंच असते.

हे गाणं ते कोलशेतला माझ्या चुलत दिराच्या हळदीला म्हणाले. लोकांना नाचायचं होतं. गाणं ऐकून मंडपात सगळे गप्प झाले, कुणी चपला शोधायला लागले. माझ्या आत्येसासूबाईंनी हेमाला जवळ बोलावून विचारलं, हे कुनाचं गानं? हेमा म्हणाली, आमचं. आत्येबाई म्हणाल्या, आमचं म्हंजे कोल्यांचं? मना कसं ठाव नाय? हेमा म्हणाली, कोल्यांचं नाय आत्या, आमचं तिघांचं. आत्येबाईंनी माधवकडे बघितलं, किशोरकडे बघितलं आणि म्हणाल्या, एवढ्याशा तिघांचं कदी गानं असतं? मग हेमाने एक नेहमीचं गाणं उचललं आणि सगळे उठून नाचले. परत येताना रिक्षात माधव म्हणाला, सगळे गप्प झाले म्हणजे ऐकत होते. हेमा म्हणाली, तुला आमची मानसं ठाव नाय.

त्यांनी आपल्या तिघांचं नाव ठेवलं होतं साडेतीन. लोक विचारायचे अर्धं कोण? माधव म्हणायचा टेपरेकॉर्डर. हेमा म्हणायची, "अर्धी म्हंजे वयनी. तिची बांगडी वाजते ना गाण्यात." ते खरं होतं. नळाच्या गाण्यात मध्येच माझी बांगडी एकदा वाजली आहे. किशोर पुन्हा रेकॉर्ड करूया म्हणाला. हेमाने करू दिलं नाही. त्यानंतर मी दर रविवारी दोन्ही हातांना ओलं फडकं गुंडाळून बसायची.

आता फरश्यांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

त्यांच्याकडे एकच टेपरेकॉर्डर आणि आवाज घेणारं त्यातलंच एक भोक. तिघांना त्याच्याजवळ बसवलं तर हेमाच्या आवाजापुढे बाकीचं काहीच ऐकू यायचं नाही. हळू गा म्हटलं तर तिचं गाणं बिघडायचं. तीन-चार रविवार गेल्यावर किशोरला सुचलं. टेपरेकॉर्डर पुढच्या खिडकीखाली स्टुलावर ठेवायचा आणि ज्याचा आवाज मोठा त्याने लांब उभं राहायचं. मग पुढे-मागे करून त्यांनी जागा पक्क्या केल्या. किशोर कॅसिओ घेऊन दुसऱ्या फरशीवर. माधव तिसऱ्या फरशीवर. आणि हेमा उंबरा ओलांडून आत, मोरीजवळ, सातव्या फरशीवर. सगळ्यांची तोंडं टेपरेकॉर्डरकडे. म्हणजे त्या दोघांना हेमा दिसायची नाही, हेमाला त्यांच्या पाठी दिसायच्या. आणि मला हेमा दिसायची. मी तिच्या पायाशी बसलेली असायची.

खुणा खडूने करायच्या. पण फरशी रोज पुसली जायची, त्यामुळे दर रविवारी सकाळी फरशी वाळली की खडूने तीन गोल मी काढायचे. मुलीच्या पाटीचा खडू असायचा. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण सातपर्यंत मोजायला तेवढं पुष्कळ झालं. पहिल्यांदा दोघे विचारायचे, बरोबर आहे ना? नंतर विचारणं बंद केलं. माधव म्हणायचा, वहिनींनी काढलंय म्हणजे बरोबरच असणार. माझ्यावर असा भरवसा कोणी टाकलेला नव्हता. रविवार यायची मी वाट बघायला लागले, हेही इथे लिहून ठेवते.

हेमा गायला लागली की दोन्ही हात मागे मोरीच्या कठड्यावर टेकायची आणि पायाचे अंगठे खडूच्या गोलात दाबायची. काठावर उभी राहायची तशीच. तिचा आवाज माझ्या डोक्यावरून, उंबऱ्यावरून, माधवच्या खांद्यावरून जाऊन खिडकीपर्यंत पोचायचा. मग टेप उलटी फिरवून लावायचे. तिचा आवाज त्यात लांबून आल्यासारखा यायचा. किशोर म्हणायचा, पलीकडच्या गावाहून कोणी बोलावतंय असं वाटतं. हेमा म्हणायची, तेच तर मी आयुष्यभर केलंय.

चार गाणी अशी झाली. माधवने ती ठाण्याच्या एका कॅसेटवाल्याला ऐकवली. तो भजनाच्या आणि हळदीच्या कॅसेटी काढायचा. त्याने ऐकून घेतलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, वेगळं आहे, चालेल की नाही सांगता येत नाही, पण काढून बघू. आठ गाणी पाहिजेत, कॅसेटच्या दोन्ही बाजू भरल्या पाहिजेत. आणि गणपतीच्या आत पाहिजेत, त्यानंतर माझ्याकडे वेळ नाही. माधवने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा हेमाने बरं मग म्हटलं नाही. तिने माझ्या दंडाला इतका घट्ट चिमटा काढला की हिरवं पडलं.

त्याच सुमाराला तिचा घसा बसायला लागला. आधी सकाळी बसायचा आणि दुपारी उघडायचा. मग दुपारीही उघडेना. हळद-दूध झालं, लवंग झाली, ज्येष्ठमध झाला. मी तिला घेऊन ठाण्याला घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आरसा घालून बघितलं, कुठे काम करता ते विचारलं. मग म्हणाले, भुकटीने आतून सुजलंय. पॅकिंगचं काम सोडा आणि सहा महिने अजिबात बोलू नका. गाणं तर नावच काढू नका.

हेमाने विचारलं, मग येईल का पहिल्यासारखा?

डॉक्टर म्हणाले, "आता थांबलात तर येईल. असाच वापरत राहिलात तर मी काही सांगू शकत नाही."

बाहेर आल्यावर आम्ही तलावपाळीला, तळ्याच्या कठड्यावर बसलो. तिने शेंगदाण्याची पुडी घेतली आणि एकही दाणा खाल्ला नाही. मग ती माझ्या कानाशी आली आणि कुजबुजली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिला कुजबुजता आलं. शेजारी बसलेल्या बाईने वळूनही पाहिलं नाही.

"वयनी, चार झाली, चार राहिली. चार झाली की मी थांबते. रविवारी माझी खूण एक फरशी पुढं काढ. त्यांना नको सांगू. कळलं तर माधव बंद करेल सगळं."

मी म्हटलं, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?

ती म्हणाली, "सहा महिन्यांनी कॅसेटवाला थांबणार हाय का? तुना माझी शपथ."

कंपनीतलं काम तिने सोडलं. ते सोडायला आमच्या ह्यांनीच लावलं. भुकटी सोसत नाही, एवढंच तिने माधव-किशोरला सांगितलं. पण गाणं सोडलं नाही, आणि डॉक्टरांनी तेही बंद करायला सांगितलंय हे मी कोणाला सांगितलं नाही. पुष्कळदा मनात आलं की माधवला चहा देताना हळूच सांगावं. तो चांगला माणूस होता, त्याने ऐकलं असतं. मी कप पुढे करायची आणि परत फिरायची. शपथ होती म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. पण खरं सांगायचं तर रविवार बंद पडू नये असं मलाही वाटत होतं.

पाचव्या गाण्याला मी खूण सहाव्या फरशीवर काढली. टेप लावल्यावर आवाज नेहमीएवढाच आला, थोडा खरखरीत, पण जवळचा. किशोर खूश झाला. त्याने आदल्या दिवशी कापसाला स्पिरिट लावून टेपरेकॉर्डरचं हेड पुसलं होतं. त्याला वाटलं त्यामुळेच आवाज सुधारला. सहाव्या गाण्याला मी पाचव्या फरशीवर काढली. माधव डोळे मिटून ऐकत राहिला आणि म्हणाला, हेमा, तू अशी कधी गायली नव्हतीस, अगदी कानात सांगितल्यासारखं. हेमा माझ्याकडे बघून हसली. ते हसणं मला बघवलं नाही. मी उठून चहाचं पाणी ठेवलं.

सातव्या गाण्याला खूण उंबऱ्याबाहेर गेली, चौथ्या फरशीवर, माधवच्या बरोबर मागे. हेमाने सांगितलं की आत फार उकडतं. किशोर म्हणाला, वहिनी, तुम्हीपण बाहेर बसा मग. मी नको म्हटलं. त्या दिवशी माझ्यासमोर मोरीजवळची फरशी रिकामी होती. गाणं संपेपर्यंत मी तिच्याकडेच बघत होते.

या सगळ्या दिवसांत हेमा आठवडाभर एक शब्द बोलायची नाही. रविवारसाठी आवाज साठवायची. काही हवं असलं की भांड्यावर चमचा वाजवायची. चाळीत बायका म्हणायच्या, तुमच्या नणंदेला गर्व चढला हो, कॅसेट निघतेय ना.

आठवं गाणं खाडीचं होतं. ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. गणपतीला दोन आठवडे राहिले होते. सकाळी मी फरशी पुसली, वाळू दिली आणि खडू घेऊन बसले. हेमाने तीन बोटं दाखवली. तिसरी फरशी, माधवच्या शेजारी. मी दोन गोल जवळजवळ काढले.

दुपारी दोघे आले. हेमा येऊन माधवच्या शेजारी उभी राहिली तेव्हा तो हसला आणि जरा सरकला. गाणं सुरू झालं. त्याने त्याची ओळ म्हटली. तिने तिची म्हटली. तिची मान थोडी मागे गेली, मानेच्या शिरा वर आल्या, एवढं मी आतून पाहिलं. गाणं संपल्यावर किशोरने टेप उलटी फिरवून लावली.

माधवची ओळ आली. मग नुसता कॅसिओ. मग माधवची ओळ. मग नुसता कॅसिओ.

किशोर म्हणाला, हेड खराब झालं वाटतं. त्याने खिशातून स्पिरिटची बाटली काढली, आगकाडीला कापूस गुंडाळला आणि खाली मान घालून पुसायला लागला. माधव खाली फरशीकडे बघत होता. तिथे दोन गोल होते. त्याने मागे वळून उंबऱ्याकडे बघितलं, मग आत, मोरीपर्यंत. मग माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, ह्या खुणा कोण काढतं?"

मी म्हटलं, "मी."

"हेमाची कितवी होती?"

"सातवी."

आणखी काही त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं. किशोर पुसायचा थांबला होता. कापूस त्याच्या हातात तसाच होता. माधव हेमाला म्हणाला, आपण थांबूया. नको आपल्याला ती कॅसेट. हेमाने मान हलवली. एक बोट वर केलं. मग कुजबुजली, एवढ्या जवळून की त्यालाच ऐकू आलं असेल, पण मला ओठांवरून कळलं. "एकच राहिलंय, माधव."

त्याने गिटार किशोरजवळ भिंतीला टेकवून ठेवली. हेमाच्या खांद्याला धरून तिला पुढे नेलं, खिडकीखाली, पहिल्या फरशीवर, आणि टेपरेकॉर्डरसमोर बसवलं. तिचं तोंड त्याच्यापासून वीतभर अंतरावर राहिलं. आणि तो स्वतः मागे फिरला. उंबरा ओलांडून आत आला, माझ्या पायांवरून वाट काढत मोरीपाशी गेला आणि सातव्या फरशीवर उभा राहिला. तिथे खूण नव्हती. पण बरोबर तिथेच राहिला.

किशोरने खटका दाबला.

माधवने तिथून त्याची ओळ म्हटली, ओहोटीला वाट दिसते. त्याचा आवाज मुळात मोठा नव्हता. लांबून आला, पाण्यावरून आल्यासारखा. आणि खिडकीखालून हेमाने नुसत्या श्वासावर विचारलं, भरतीला ती कुठे जाते. मला काही ऐकू आलं नाही. मला तिची पाठ दिसत होती आणि श्वास घेताना वर येणारे खांदे. शेवटच्या ओळी दोघांनी मिळून म्हटल्या. माधवने त्या म्हणताना मोरीच्या कठड्याला मागे दोन्ही हातांनी धरलं होतं, हेमा धरायची तसं. त्याचा चष्मा धूसर झाला होता. मी माझ्या हातांवरचं ओलं फडकं त्याच्यापुढे केलं. त्याने ते घेतलं आणि बांगड्या वाजू नयेत म्हणून मी हात पोटाशी धरून बसले.

त्यांचं दोघांचं काही होतं का, असं मला चाळीतल्या बायकांनी नंतर पुष्कळदा विचारलं. मला ठाऊक नाही. मी पाहिलं ते एवढंच.

कॅसेट निघाली. वर नाव छापलं, साडेतीन. कॅसेटवाल्याने छापायच्या आधी माधवला विचारलं होतं की पहिल्या बाजूला एक मुलगी गाते आणि दुसऱ्या बाजूला दुसरीच गाते, तर दोघींची नावं द्यायला हवीत. माधवने त्याला काय सांगितलं ठाऊक नाही. वरती मुलीचं नाव एकच आहे, हेमाचं. ही गोष्ट त्याने घरी सांगितली तेव्हा हेमा हसली. तोंड उघडून, डोकं मागे टाकून, पूर्वीसारखीच हसली. पण घरात काही ऐकू आलं नाही.

कॅसेटी फारशा खपल्या नाहीत. ठाण्याच्या दुकानात त्या बरेच दिवस भजनांच्या मागे होत्या. किशोर पुढे मेहुण्याकडे आखातात गेला. माधव आणखी काही महिने रविवारी यायचा. हेमाशेजारी बसायचा, कधी पाटीवर काही लिहून दाखवायचा, तीही लिहायची. सहा महिने झाले, आठ झाले. डॉक्टरांनी पुन्हा आरसा घालून पाहिलं. आवाज आला नाही. त्यानंतर हेमानेच माधवला पाटीवर लिहून सांगितलं की आता येऊ नको. ती पाटी मी पुसली नाही, तिने स्वतः पुसली. माधवने कंपनी सोडल्याचं पुढे कानावर आलं.

हेमा कोलशेतला परत गेली. तिथल्या थोरल्या भावाच्या पोरांना जेवायला बोलवायचं असलं की काठावर जाऊन ताटली वाजवायची. पोरं तिला ताटलीआत्या म्हणायची. मी एकदा त्यांना रागावले. ती माझा हात दाबून नको म्हणाली.

माझ्या मनात एकच गोष्ट राहिली होती आणि ती मी तिला एकदा बोलून दाखवली. मासे सुकवायला टाकत होतो दोघी. मी म्हटलं, हेमा, पहिल्या खुणेलाच मी माधवला सांगितलं असतं तर आज तुझा आवाज असता. तिने हातातला बोंबील वाशावर टाकला, जवळ आली आणि माझ्या कानाशी कुजबुजली.

"बरं मग? आठवं गाणं कुठं असतं?"

मला रडू आलं. ते तिला आवडलं नाही. तिने मासळीच्या हातानेच माझं तोंड पुसलं.

तिला शेवटचं पाहिलं ते त्याच्या पुढच्या वर्षी. माझे वडील आजारी होते म्हणून मी कोलशेतहून होडीने माहेरी जायला निघाले. भरती लागत होती. हेमा पोचवायला काठावर आली. अंग बरंच उतरलं होतं, सारखी खोकायची. ताटली तिने आणली नव्हती. त्या पावसाळ्यात न्यूमोनियाने ती गेली आणि मला खाडीपलीकडून यायला उशीर झाला. पण हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं.

होडी सुटली. मध्यावर आल्यावर मी मागे वळून पाहिलं. ती तिथेच उभी होती, पायाचे अंगठे चिखलात दाबून. तिने दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि मान थोडी मागे नेली. मला ऐकू आला तो पाण्याचा आणि वल्ह्याचा आवाज. होडीत पाच-सहा माणसं होती, बाप्ये होते, ओळखीचे आणि अनोळखी.

मी उभी राहिले आणि ओ दिली. ती पुन्हा हात तोंडाशी नेई, मी पुन्हा ओ देई. होडीवाले काका वल्हं मारत राहिले. पलीकडचा काठ लागेपर्यंत मी देत होते.